तव्याखालचा दिवा

नारपोलीतली आमची खोली कारखान्याच्या पाठभिंतीला चिकटून होती. भिंतीपलीकडे कापड विणणारे चोवीस लूम आणि अलीकडे आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. भिंतीला तळवा लावला की ती आतून थरथरताना कळायची. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत, हंड्यातल्या पाण्यावर दिवसभर वर्तुळं उठत. पाहुणे विचारत, ह्या खटखटीत तुम्हाला झोप तरी कशी लागते? आम्हाला उलट शुक्रवारी झोप लागत नसे, कारण शुक्रवारी कारखाना बंद. लूम थांबले की खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटे आणि आईच्या बांगड्यांचा, नळाच्या थेंबाचा, शेजारच्या कुकरचा असे सगळे आवाज एकेक करून बाहेर येत. त्या शांततेत आई नेहमी थोडी चिडलेली असायची. अजूनही मला कुठे फार शांत वाटलं की मी आपोआप आईच्या बांगड्या ऐकू येतात का ते बघते.

बाबा त्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. कापूस उडून उडून त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या दिसायच्या, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की बाबा शिफ्टला जाताना म्हातारे होतात आणि आंघोळ केली की परत तरुण. आई घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. वडप्याची शेतकऱ्याची मुलगी ती. लग्न करून शहरात आली, पण बोलणं गावचंच ठेवलं, आणि आमच्या शहरी मराठीला ती 'कागदावरचं बोलणं' म्हणायची. मी तेव्हा बारावी सायन्सला. आमच्या दोन्ही घरांत सायन्सला गेलेली पहिलीच, त्यामुळे अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. दूध का नासतं, भाकरी का फुगते, हे मी आईला तिनं न विचारताच समजावून सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी उलटायची.

आषाढातल्या एका सकाळी बाबा दोन्ही हातांत गोणपाट धरून घरी आले आणि दारातच उभे राहिले. चेहरा उतरलेला. गोणपाटात एक जखमी धामण होती. कोपऱ्यातल्या लूमच्या मोटरीवर ती वेटोळं घालून बसली होती. रात्रभर पाऊस, बाहेर सगळीकडे पाणी, आणि मोटर कोमट. बाबांनी न बघता स्विच दाबला आणि पट्ट्यानं तिच्या पाठीची वीतभर कातडी सोलवटून काढली. कामगार काठ्या घेऊन धावले तेव्हा बाबा मध्ये उभे राहिले. करीमचाचा म्हणून एक जुने कामगार होते, त्यांनीही सगळ्यांना मागे सारलं, की हा उंदीर खाणारा जीव आहे, सुतातले उंदीर ह्यानंच कमी केलेत. बाबा मला एवढंच म्हणाले, "ऊब बघून आली होती गं. माझ्या हातानं झालं."

आई उठून मागच्या भिंतीला जाऊन टेकली. ती साप हा शब्द कधी उच्चारत नसे. जनावर म्हणायची, नाहीतर लांबडं. तिचा थोरला भाऊ, आमचा मामा, तरुणपणी बांधावर गवत कापताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे ती काही सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या बायका भावासाठी उपास करतात, तो उपासही तिनं कधी केलेला मी पाहिला नव्हता. धामण बिनविषारी असते हे मी पुस्तकी उत्साहानं सांगू लागले. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाबांना म्हणाली, "बरं होईस्तो ऱ्हाऊदे. पन माज्या हातानं मी काय करनार न्हाय." तिनं होकार कसा दिला, ह्याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. आता वाटतं.

आमच्या कॉलेजचे झूलॉजीचे सर सायकलवरून आले, जखम धुतली, पिवळं मलम लावलं. त्यांनी सांगितलं की आपल्या अंगात चूल असते, सापाच्या अंगात नसते. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचणार नाही आणि जखम भरणार नाही, आणि ह्या दमट हवेत ओली राहिली तर सडेल. कोरडं ठेवा, कोमट ठेवा, दिवसा उजेड द्या, असं सांगून ते गेले. त्यांचे तीन शब्द मी वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली.

मग बाबांनी घर बांधायला घेतलं. मी त्यांना लूम दुरुस्त करताना अनेकदा पाहिलं होतं, पण त्या चार दिवसांत ते जसे होते तसे पुन्हा कधी दिसले नाहीत. शिफ्ट संपली की अंगावरचा कापूसही न झटकता पेटीसमोर मांडी घालून बसायचे. कांड्या ठेवायची जुनी लाकडी पेटी घेतली, लांबीला हातभराहून जास्त आणि गुडघ्याएवढी उंच. पुढची फळी काढून तिथे काच सरकवली. काच आमच्या देवांच्या तसबिरीची, देव काही दिवस उघडे राहिले. झाकणाला जाळी. आतल्या एका बाजूला फुटका माठ पालथा घातला, लपायला. करवंटीत पाणी. वरून झिरोचा बल्ब, सकाळी लावायचा आणि संध्याकाळी बंद करायचा. राहिला प्रश्न उबेचा. नुसता बल्ब आत ठेवला तर ती त्याला विळखा घालून भाजून घेईल. बाबा दोन दिवस विचार करत होते, जेवतानाही. तिसऱ्या दिवशी आईनं मांडणीमागे सारून ठेवलेला जुना लोखंडी तवा त्यांना दिसला. काठाला तडा गेलेला, भाकरी करपवणारा. त्यांनी पेटीच्या तळाला गोल भोक पाडलं, त्यावर तवा पालथा बसवला, खाली पत्र्याच्या डब्यात चाळीसचा बल्ब, आणि तव्यावर चार बोटं वाळू. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गार. जनावरानं आपलं आपण ठरवायचं.

"तवा माजा हाय," आई म्हणाली. "इचारलंस का मला?"

बाबा म्हणाले, की नवीन आणल्यापासून तू त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाहीस. ती म्हणाली, की बघितलं नाही म्हणून काय तो दुसऱ्याचा झाला? पण तिनं तो परत मागितला नाही.

पहिल्यांदा दोन्ही दिवे लागले ती संध्याकाळ मला चित्रासारखी आठवते. बाहेर पावसानं काळोखी आलेली, खोलीतली ट्यूब अजून लावलेली नव्हती, आणि कोपऱ्यात ती पेटी आतून उजळलेली. वाळूवर पिवळा उजेड, तव्याखालच्या फटीतून तांबूस. धामण माठाखालून सावकाश बाहेर आली, थोडी थांबली, जीभ काढून हवा चाखली आणि तव्यावरच्या वाळूत जाऊन पसरली. बाबांच्या तोंडून 'आहा' निघालं, जसं आपल्याच पाठीला शेक मिळावा. भिंतीच्या थरथरीनं वाळूचे कण हळूहळू सरकत होते, त्यामुळे ती न हलता वाहत असल्यासारखी वाटे. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्या उजेडाशी बसायची आणि पानं उलटायची विसरायची. किती वेळ गेला हे कळत नसे. करीमचाचा कारखान्यातल्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर आठवड्यातून एकदा आणून देत आणि जाताना काचेवर बोटानं टकटक करून सलाम करत. (हे सगळं वाचून कुणी साप घरी आणू नये. रानातला साप पाळणं गुन्हा आहे, आणि तो असावा हेच बरोबर. आम्हाला तेव्हा कुणाला कळवावं हेच ठाऊक नव्हतं.)

आई त्या कोपऱ्याकडे पाठ करून कांड्या भरायची. पण मी कॉलेजातून लवकर आले की मला दिसायचं, तिनं पाट फिरवून घेतलेला असे. मला बघितलं की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करायची. करवंटीतलं पाणी कोण बदलतं, हे बाबांनी मला विचारलं आणि मी बाबांना विचारलं. दोघांनीही बदललेलं नव्हतं. आम्ही तो विषय तिथेच सोडला, कारण चोराला चोर म्हटलं की तो चोरी बंद करतो.

जखम भरत आली. मग गटारी झाली. आईनं श्रावणाआधीची शेवटची मासळी तळली, खाडीची बोय, आणि श्रावण लागला. दोन-तीन दिवसांनी मी सकाळी काचेशी गेले तर धामणीचे डोळे पांढरे झालेले होते. निळसर पांढरे, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे. अंगाची चमक गेलेली. ती माठाखालून बाहेर यायला तयार नव्हती, आणि हात पुढे केला की भलत्याच दिशेला फुसफुसायची. तिला दिसत नव्हतं. सर त्यांची आई आजारी म्हणून गावाला गेलेले. माझ्या पुस्तकात बेडूक होता, झुरळ होतं, पण सापाच्या डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती. मी वही काढली. कोरडं, कोमट, उजेड. म्हणजे ऊब कमी पडत असणार. बाबांनी चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला आणि करवंटीतलं पाणी सांडून ओल होऊ नये म्हणून ती बाहेर काढली. त्या उपायावर मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी नागचतुर्थी. आई सकाळपासून काही खाईना. मी चहा पुढे केला, तो तिनं हातानं बाजूला केला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, की विचारू नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं तो उपास धरला होता. दुपारी ती उठली, पहिल्यांदाच उघडपणे पेटीसमोर जाऊन बसली, आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गटारीला तव्यावर बोय टाकली तवा तिचं डोलं असंच झालं होतं. शिजलंय ते. तुमी दोगांनी शिजवलंय त्याला."

मी हसले. मासळी आणि साप ह्यांत फरक असतो, असं काहीतरी बोलले. बाबा हसले नाहीत. त्यांनी वाळूला उलटा हात लावून बघितला, बल्बकडे बघितलं, पण सरांचा शब्द आणि माझी वही दोन्ही विरुद्ध बाजूला होती. दिवा तसाच राहिला.

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नसतं, खणायचं नसतं आणि चुलीवर तवा ठेवायचा नसतो. तवा म्हणजे नागाचा फणा. तो तापवला तर नागाला चटका बसतो. म्हणून त्या दिवशी सगळं उकडलेलं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. त्या वर्षी पंचमी शुक्रवारी आली. मी जागी झाले ती शांततेनं. लूम बंद, हळदीच्या पानांचा ओला गोड वास खोलीभर, पाटावर चंदनानं काढलेला नाग. आणि कोपऱ्यात अंधार. खालचा दिवा बंद, वरचा बंद. पेटीचं झाकण उघडं, आणि आईचा हात मनगटापर्यंत आत. जी बाई साप हा शब्द तोंडातून काढत नसे, तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा ओला तुकडा धामणीच्या डोक्यावर आणि पाठीवर पसरला होता आणि तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून ती त्यावर थेंब सोडत होती.

मी किंचाळले नाही, पण जे बोलले ते किंचाळण्यापेक्षा वाईट होतं. ऊब काढलीस, वर ओलं केलंस, आता जखम सडेल आणि ती मरेल. तुझ्या अडाणीपणानं मरेल, असं मी म्हणाले. अडाणी हा शब्द आमच्या घरात कुणी कुणाला वापरत नसे. बाबांनी माझं नाव घेतलं, एवढंच. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज तवा ठेवायचा नसतो." आणि पुन्हा तांब्यात बोटं बुडवली.

तो दिवस फार लांब होता. बाबा दिवा लावायला एकदा उठले आणि आईकडे बघून परत बसले. पातोळ्या थंड झाल्या. पाऊस येऊन जाऊन होता. मी दाराच्या उंबऱ्यावर पाठ करून बसले, रागानं आणि भीतीनं, पण कारखाना बंद असल्यामुळे मागचा प्रत्येक आवाज मला ऐकू येत होता. तांब्यात बोटं बुडल्याचा. थेंब कापडावर पडल्याचा. मधूनच वाळूत काहीतरी सावकाश घासल्याचा. आईनं पूजेपुरतीसुद्धा जागा सोडली नाही. पाटावरच्या नागाला लाह्या बाबांनी वाहिल्या. तिन्हीसांजेला तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

सकाळी लूम सुरू झाले, पेले किणकिणू लागले, आणि मी काचेशी गेले. दोन काळेभोर, स्वच्छ डोळे माझ्याकडे बघत होते. मी आईला हाक मारली. माझा आवाज इतका बदललेला होता, की तिला वाटलं गेलं जनावर. ती खाली बसली आणि डोकावली. बाबांनी चाळीसचाच बल्ब परत लावला, करवंटी आत ठेवली. ओलं फडकं काढायला कुणी धजलं नाही. दोन दिवसांनी त्याच फडक्याला घासून घासून धामणीनं कात टाकली. अखंड, नाकापासून शेपटीपर्यंत, जखमेच्या व्रणावरूनही न फाटता. डोळ्यांच्या जागी दोन गोल पारदर्शक खवले होते, अभ्रकाचे असावेत तसे.

सर परतले तेव्हा त्यांनी ती कात उजेडाला धरली. कात टाकण्याआधी सापाचे डोळे असेच पांढरे होतात, ते आपोआप निवळलेही असते, पण आपण सांगितलेल्या कोरड्या उबेत ती कात तुकड्यातुकड्यांनी निघाली असती, म्हणाले. डोळ्यांवरचे खवले तिथेच चिकटून बसले असते, व्रणावरची नवी कातडी फाटली असती. ओलाव्यानं वाचली. मग त्यांनी विचारलं, फडक्याची युक्ती कुणाची? बाबा आपल्या कपाळावर हात मारून म्हणाले, की कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून रोज कारखान्याच्या जमिनीवर पाणी मारणारा मी, आणि मलाच कळलं नाही. मी आईकडे बोट दाखवलं. आईनं पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला उठली.

सर गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची होती, पण माफीच्या वाक्याला सुरुवात कशी करतात ते सायन्सला शिकवत नाहीत. म्हणून मी विचारलं, ओलं फडकं ठेवायचं तुला कुणी सांगितलं होतं? ती कांडी भरत होती. भरत भरतच बोलली. पान लागल्यावर तिच्या दादाला ओटीवर निजवलं होतं. त्याच्या पापण्या खाली आल्या, उघडेनात, आणि आतून आग होते म्हणाला. मोठी माणसं भगताकडे धावली. सात वर्षांच्या तिला कुणीतरी सांगितलं, डोळ्यांवर ओलं फडकं ठेव, आणि ते ओलं राख.

"मी खेलायला गेले," आई म्हणाली. "आले तवा फडकं सुकलं होतं, आन दादा न्हवता."

मी तिला सांगितलं की त्यानं काही फरक पडला नसता, ते विष होतं, फडक्याचा काही संबंध नव्हता. ते खरं होतं. तिनं ते इतर सगळ्या गोष्टी ऐकायची तसंच ऐकून घेतलं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्या हातातून कांडी घेतली, आणि तिनं घेऊ दिली.

पावसाळा सरल्यावर आम्ही तिघांनी धामण वडप्याला नेऊन आईच्या माहेरच्या बांधापलीकडे, ओढ्याच्या झुडपात सोडली. दादाचा बांध तो. जाताना तिनं एकदाही मागे बघितलं नाही, आणि आईला ते फार आवडलं. आता तिथे गोडाऊन आहेत, ओळीनं, निळ्या पत्र्यांची, आणि ओढा कुठून जायचा ते मला दाखवता येत नाही. तवा मात्र पेटीतून परत निघाला. आईनं तो घासून पुसून मांडणीवर पुढे ठेवला, आणि दर पंचमीला त्याला हळदकुंकू लावायची.

आईला जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ती बेशुद्धच होती, आणि पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या. अर्धवट उघडे डोळे वाळून पांढुरके दिसू लागले. सिस्टर म्हणाली, ओलं कापड ठेवा, पण सतत बघावं लागेल, तुम्ही कंटाळाल. आम्ही येऊन-जाऊन बघू. मी नको म्हणाले. वाटीत बोटं बुडवून थेंब सोडत बसले. माझी मुलं म्हणत होती, आई, थोडं बाहेर जाऊन ये, चहा घे, पाय मोकळे कर. तीन दिवस मी जागची हलले नाही. फडकं सुकू दिलं नाही.